ढगानं गाळलेलं पाणी

आमच्या थेंब सरांना सगळं थेंबात मोजायची सवय. चहात दूध घालतानाही कप डोळ्यांसमोर धरायचे. अकरावीला रसायनशास्त्र शिकवायचे. प्रयोगशाळेत कुणी परीक्षानळीत भसकन आम्ल ओतलं की ओरडत, "आमटीत पाणी वाढवतीस व्हय? थेंब, थेंब!" नाव तिथूनच पडलं.

डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या ते रोज स्वतः भरत, शिपायाला हातही लावू देत नसत. "साध्या पाण्यात काय काय विरघळलेलं असतंय. दिसत न्हाय म्हणून न्हाय म्हणायचं न्हाय," असं बजावत. पावसाच्या पाण्याबद्दल मात्र प्रेमानं बोलत. "ते ढगानं गाळलेलं."

मी गगनबावड्याची. नव्वदच्या दशकातली गोष्ट, शहरात मंगळवार पेठेत मावशीकडे राहून शिकत होते. पाठवताना वडिलांनी एकच सांगितलं होतं, "नावाला बट्टा लागला तर शिक्षण बंद."

एकदा सरांनी सगळ्यांना घरचं पाणी आणायला सांगितलं. त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की विरघळलेलं मीठ पांढरं होऊन दिसतं. कुणाचं विहिरीचं, कुणाचं नळाचं, सगळ्यांच्या नळ्या दुधाळ झाल्या. माझी नितळच राहिली. मी गावी अंगणात पातेलं ठेवून धरलेलं पाणी आणलं होतं.

सरांनी नळी उजेडात धरली. "घरनं आणायला विसरलीस आणि माझ्या बाटलीतलं चोरलंस, न्हवं?"

"न्हाय सर, पावसाचं हाय."

"माझंच मला शिकवतीस? चोर ती चोर!"

बाटलीतलं पाणीही असंच नितळ राहतं हे वर्गाला दाखवायला त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. ते पांढरं झालं.

आदल्या दिवसापासून वीज नव्हती, त्यामुळं डिस्टिल्ड वॉटर गाळता आलं नव्हतं. नळ्या विसळायला म्हणून त्यांनीच बाटल्यांत नळाचं पाणी भरलं होतं आणि साफ विसरले होते. कुणी हसलं नाही. सरांचे कान लाल झाले. मला बरं वाटायला हवं होतं, पण त्यांच्याकडे बघायचीच लाज वाटली. "जावा, तास संपला," एवढंच ते म्हणाले.

पेठेत मात्र अर्धीच गोष्ट पोचली. मावशीला कुणीतरी विचारलं, तुमची पोरगी चोरी करताना सापडली म्हणे? मी पिशवी भरली आणि गावी आले.

रविवारी सर आमच्या दारात, नखशिखांत भिजलेले. "या पावणं, बसा," वडील म्हणाले. सर बसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "तुमच्या पोरीला मी सगळ्यांसमोर चोर म्हणालो. चूक माझी होती, आणि तवा तोंडातनं शब्द फुटला न्हाय." दाराआड मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वडिलांनी घाईनं त्यांचे हात धरले. "सर, तुम्ही हात जोडायचे न्हाईत."

"हितं जोडणं सोपं हाय. वर्गात जोडायचेत. ती आल्याबिगर कसं जोडू?"

वडील आत वळून मला म्हणाले, "पिशवी भर."

सोमवारी सर वर्गासमोर बोलत होते आणि मी बाकाकडे बघत होते. मान वर होईना. सर थांबले.

"वर बघ की पोरी. लाजायची पाळी माझी हाय."