परातीत फिरणारी बोट

पोळ्यानंतरचा रविवार, बाबांच्या खिशात वीस रुपये, आणि दुकानात आम्ही तिघं: बाबा, मी आणि पत्र्याची खेळणी करणारे चाचा. काल लाइट गेली, मेणबत्तीचा वास तापलेल्या पत्र्याच्या वासात मिसळला, आणि चाळीस वर्षांपूर्वीची जालन्यातली ती दुपार हळूच समोर तरंगत आली.

माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमीचा पाय प्लास्टरमध्ये होता. तिच्या खाटेजवळ परातीत पाणी भरून बोट सोडायची, असं ठरलं होतं. चाचांनी घमेल्यातल्या पाण्यात दोन बोटी सोडून दाखवल्या. सेलवरची लाल बोट सुर्रकन गेली आणि काठावर आपटली. दुसरीत त्यांनी मेणबत्तीचा तुकडा पेटवला. जरा वेळानं वाफ धरून ती फट-फट करत गोल फिरू लागली.

“लाल घ्या बाबा, जल्दी पळती. सुमीला तीच आवडंल,” मी म्हणालो.

“सुमीला का तुला?” बाबा हसले. “परातीत पळून जाईल कुठं?”

“बराबर,” चाचा म्हणाले. “हिला बिलकुल घाई न्हाई. पोरगी पडल्या पडल्या बघंल.”

मी रुसलो. लाल बोट सेलसकट वीसची, म्हणून बाबांनी कंजूसपणा केला, असंच मी कितीतरी वर्षं धरून चाललो. बेरीज कधी केलीच नव्हती. त्या दुपारी घमेल्यात मेण संपेपर्यंत बोट फिरत राहिली आणि बाबा तिच्याकडे एकटक बघत राहिले.

चाचांना पंधरा रुपये दिले. उरलेले पाच शेजारच्या वाण्याला, मेणबत्त्यांचे. प्लास्टर सुटायला अजून तीन आठवडे होते.