राहिलेलं लग्न आणि तलासरीची खानावळ

डहाणू रोड स्टेशनाबाहेर आले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. तलासरीच्या एका खानावळीचं नशीब आपण उजळून टाकणार, या ऐटीत मी होते. साताऱ्यात माझा धंदा हॉटेलांच्या पाट्या आणि भिंती रंगवून देण्याचा. बचत गटांच्या प्रदर्शनात शेजारच्या गाळ्यावर तलासरीची जयवंती बसायची. तांदळाची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी रोज मला आग्रहाने खाऊ घालायची. निघताना म्हणाली, "ताई, आमच्या खानावळीला कायतरी करून द्या. एवढ्या ढाब्यांच्या रांगेत आम्ही कोणाला दिसतच नाय."

स्टँडवर टोपलीभर चिकू घेऊन एक मावशी बसल्या होत्या. मी भाव विचारला, घेतले आणि लगेच एक तोंडात टाकला.

"बाय, उद्या खायचे होते," मावशी म्हणाल्या.

"मग आधी सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलं कुठं?"

कच्च्या चिकूच्या चिकाने ओठ असे चिकटले की एसटीत कंडक्टरला 'तलासरी' सांगताना माझी भंबेरी उडाली. खिडकीबाहेर चिकूच्या वाड्या मागे पडत होत्या. कोसबाडची टेकडी दिसली, मग भातकापणीनंतरची उघडी खाचरं आणि मधूनच ताडाची झाडं. मी मात्र मोबाइलवरचं माझं चित्र पुन्हा पुन्हा बघून खूश होत होते.

तलासरीला उतरले आणि पहिला धक्का बसला. महामार्गाच्या कडेला ढाबेच ढाबे, आणि प्रत्येकाच्या भिंतीवर तोच गेरूचा रंग, तीच पांढरी माणसं, तोच गोल धरलेला नाच. एकाच माणसाने एकाच दुपारी सगळ्यांना उरकून टाकल्यासारखं वाटत होतं. त्या रांगेच्या टोकाला जयवंतीची खानावळ. बाहेर चार बाकडी, मागे घर, आणि बाकड्यांवर कोणी नाही.

जयवंतीने पाणी दिलं आणि नवऱ्याची ओळख करून दिली. सुरेश शांत, उंच, हसला की डोळे मिटणारा. त्याची आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मुलगी मंदा कॉलेजातून नुकतीच आली होती. जेवताना जयवंतीने एका दमात सगळं सांगून टाकलं. गुजरातच्या बाजूला एका कारखान्यात सुरेशला काम मिळत होतं. ठेकेदार रोज फोन करत होता. खानावळ चालली नाही तर या महिन्यात तिला कुलूप आणि सुरेश तिकडे खोली करून राहणार.

"सणासुदीलाच घरी येईल मग," ती म्हणाली. "मला नको ते. एकत्र राबावं म्हणून तर ही खानावळ काढली."

मी हात धुतले आणि मोबाइल पुढे केला. "नाचणारी माणसं सगळ्यांकडे आहेत. आपण हे काढू. अख्ख्या भिंतीवर. रस्त्यावरून जाणारा थांबलाच पाहिजे!" चित्रात वारली लग्नातला चौक होता. नक्षीची भरगच्च चौकट आणि मधोमध लग्नाची देवी, पालघट.

सुरेशची आई उठून जवळ आली, चित्र नीट बघितलं.

"लगीन कोणाचं हाय?"

"कोणाचंच नाही आजी. शोभेसाठी."

"लगीन नाय तं चौक कसा लिहायचा?" चौक इकडे काढत नाहीत, लिहितात. "देवीला बोलावून बसवायची, नि सांगायचं काय, गिऱ्हाईक बघत बस?"

माझा चेहरा उतरला. तेवढ्यात सुरेश सहज म्हणाला, "रविवारी इथंच, आपल्या दारात भावाच्या पोराचं लगीन हायेच. त्याच्याच मांडवात आपलं पण उरकून टाकू."

"आपलं म्हणजे कोणाचं?" मी विचारलं.

"आमचं. मी नि जयवंती."

मी मंदाकडे बघितलं, जयवंतीच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे बघितलं, आणि हबकलेच. जयवंती खो खो हसायला लागली.

"ताई, तोंड मिटा! लगीन राहूनच गेलं आमचं. सगळ्या पाड्याला (वस्तीला) जेवण द्यायला लागतं. एका वर्षी पीक गेलं, एका वर्षी सासरे गेले, मग मंदा झाली. इकडे असं असतं. घर मांडायचं, लगीन जमेल तेव्हा."

"आणि कोणी काही म्हणत नाही?"

"म्हणतात ना. जेवण कधी, म्हणतात."

त्या रात्री मला धड झोपही लागली नाही. माझ्या पाटीपायी एका कॉलेजकन्येच्या आईवडिलांचं लग्न ठरलं होतं! घरी फोन केला तर आमचे हे म्हणाले, "तू रंगकामाला गेलीस की सोयरीक जुळवायला?"

लग्नाच्या गडबडीत माझी लुडबुड नको म्हणून मधला एक दिवस मी बोर्डी आणि झाईला जाऊन आले. बोर्डीच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली होती आणि समुद्र फार लांब जाऊन बसला होता. झाईला बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईशी बोलत बसले. तलासरीत कोणाकडे उतरलात, तिने विचारलं. मी जयवंतीचं नाव सांगितलं.

"तिचं लगीन ना रविवारी? आम्ही पण येणार. बोंबील माझ्याकडूनच जातात तिला."

बातमी माझ्या आधी समुद्रापर्यंत पोचली होती.

रविवारी सकाळी घरातल्या भिंतीवर गेरू सुकला होता. सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायला बसल्या होत्या आणि लग्न लावणारी बाई संथ आवाजात गात होती. बारीक काडीने एकेक रेघ उमटत होती. माझा हात सवयीने मोबाइलकडे गेला आणि तिथेच थांबला. त्या घरात देवी येत होती. मला एकदम भरून आलं. जयवंती आणि सुरेश अंगभर हळद लावून बसले होते, शेजारी पुतण्या आणि त्याची नवरी. मंदा आईच्या केसांत फुलं खोवत होती आणि दोघी एकमेकींना चिमटे काढत होत्या.

दुपारी मी हवा खायला रस्त्यावर आले आणि गारच पडले. ढाब्यांची सगळी रांग बंद! एका ढाब्याचे मालक, काठेवाडी शेठ, डोक्याला हात लावून मांडवाकडेच येत होते.

"काय झालं हो?"

"व्हायचं काय, बेन? माझा आचारी जयवंतीचा भाऊ. पलीकडच्याचा आचारी तिचा मामा. भांडी घासणाऱ्या तिच्या जावा. सगळे इथे नाचतायत. चूल कोण पेटवणार, मी?"

म्हणजे अख्ख्या रांगेत एकाच पाड्याचा हात होता आणि मी त्या रांगेतून एकीला वेगळी काढायला आले होते! मी रस्त्याच्या कडेलाच मटकन बसले.

तेवढ्यात एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने बंद ढाबे बघितले आणि काकुळतीने विचारलं, "बेन, जमवानुं मळशे?" (जेवण मिळेल का?) त्याच्यामागे दुसरा थांबला, मग तिसरा. मी काही बोलायच्या आत सुरेशची आई मांडवातून ओरडली, "बोलवा त्यांना! लग्नाघरून उपाशी जायचं नाय कोणी."

ड्रायव्हर संकोचत पंगतीत बसले. पळसाच्या पत्रावळीवर भात, उडदाची डाळ, कोंबडीचा रस्सा. हळदीने माखलेली नवरी स्वतः उठून वाढायला लागली तेव्हा बायकांनी एकच गिल्ला केला. जयवंती कुणाला ऐकतेय! "माझ्या दारात आलेत, मीच वाढणार." एका सरदारजींनी पानातला शेवटचा भाताचा दाणाही पुसून खाल्ला आणि नवरानवरीला आशीर्वाद दिला. सुरेश डोळे मिटून हसत होता.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरत होते तर बाहेर हॉर्न. ड्रायव्हर वेगळाच होता. "वो शादीवाला होटल यही है?" त्याला कालच्या कुणीतरी फोन केला होता. तो बसतोय तोवर आणखी एक आला. त्याला तर काठेवाडी शेठनेच पाठवलं होतं, त्यांचा आचारी अजून कामावर उगवला नव्हता.

मी रंग काढले. पांढऱ्या पाटीवर फक्त तीन शब्द लिहिले: 'जयवंतीची लग्नाची खानावळ'. चित्र नाही, नक्षी नाही. माझ्या धंद्यात इतकी साधी पाटी मी कधी केली नव्हती.

रंग वाळत होता तेव्हा सुरेशचा फोन वाजला. ठेकेदार. जयवंतीच्या हातातलं उलथणं तव्यावरच थांबलं.

"नाय ना शेठ, आता कसा येऊ?" सुरेश म्हणाला. "कालच लगीन झालं माझं. अंगाला हळद हाय, घर सोडून जाता येत नाय... हां, हां. हळद उतरली का कळवतो."

त्याने फोन ठेवला. जयवंतीने मसाल्याच्या डब्यातून चिमूटभर हळद घेतली, पाण्यात कालवली आणि भाकरी थापावी तशा निगुतीने त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत लावली.

"ताई," माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "हळद घरचीच हाय. रोज लावीन."

परतीच्या गाडीत डहाणू मागे पडलं तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून चक्क रडले. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण गेलं का? मी म्हटलं, नाही हो, कोणी गेलं नाही.