शेठजींची गोचीड-दया

कुत्रं पाळता म्हणजे नेमकं काय करता हो तुम्ही? गळ्यात पट्टा घातला, फोटो काढला, व्हॉट्सॲपवर चढवला, की झालं पाळून? त्याला रेबीजची लस शेवटची कधी टोचली, हे आत्ता, बायकोला न विचारता सांगता येईल? जंताची गोळी? नाही ना येत? मंग बसा. तुमच्यासारख्याच एका भल्या माणसाची गोष्ट सांगते.

जालन्यात मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराला लागून, जुगलकिशोर शेठचं बारदान्याचं दुकान आहे. बारदाना म्हणजे रिकामी पोती. सोयाबीन निघालं की आडत्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे ह्यांच्या दारात. आजोबांच्या काळात राजस्थानातून आलेलं जैन घर. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मोंढ्यातले हमाल मला रस्त्यात अडवतील. कबुतरांना ज्वारी टाकतात. उन्हाळ्यात पाणपोई चालवतात. गोशाळेच्या भिंतीवर ह्यांचं नाव, जनावरांच्या हौदावर ह्यांचं नाव, कबुतरांच्या चबुतऱ्यावरही ह्यांचंच नाव. जिथं संगमरवराची पाटी बसते तिथं शेठजींची दया बदाबदा वाहते. कुत्र्याच्या कानात पाटी बसत नाही. तिथली दया कशी होती, ते आता ऐका.

बर्फी ही ह्यांची लॅब्राडोर कुत्री. दुधाच्या सायीच्या रंगाची, म्हणून बर्फी. तिला आणली मुलानं, श्रेणिकनं. लाड करायला श्रेणिक, फोटो काढायला श्रेणिक. आणि नोकरी लागून बंगळुरूला जायची वेळ आली तेव्हा कुत्रं आईबापाच्या गळ्यात. ही आजकालची रीतच झाली आहे. पोरं जातात, कुत्री राहतात.

शेठजींनी कुत्री कशी सांभाळली? जशी दुकानातली जुनी गादी सांभाळतात तशी. आहे, पडली आहे, कोणी आलं की दाखवायची. रोज सकाळी स्वतःच्या चहाबरोबर तिला पेढा. मी एकदा म्हणाले, "शेठजी, गोड देऊ नका, शुगर होईल तिला." तर हसले. "मीनाबाई, मला आहे, तिला झाली तर काय बिघडलं? एकाच डबीतल्या गोळ्या खाऊ." लस विचारली तर म्हणे, "लहानपणी दिल्ती ना!" जणू देवीचा डाग आहे, एकदा उमटला की जन्मभर पुरला. वैशाखात दुपारी तिला डांबरी रस्त्यानं दुकानात न्यायचे. स्वतःच्या पायात चपला, तिच्या पायात काय? मी रस्त्यातच चपला काढायला लावल्या होत्या त्यांना. दोन पावलं टाकली आणि नाचायला लागले. दुसऱ्या दिवसापासून बर्फी दुपारी घरी. काही माणसांना शब्द कळत नाहीत, चटका कळतो.

मी काही डॉक्टर नाही. जनावरांच्या दवाखान्याच्या दारात उभी राहून, चार चावे खाऊन, डॉक्टरांचं डोकं खाऊन जे शिकले ते शिकले. गावात मला 'कुत्र्यावाली' म्हणतात. म्हणोत. फोन मात्र मलाच करतात.

तसा त्या दिवशी शेठजींच्या बायकोचा, बसंतीबाईंचा फोन आला. "मीनाबाई, जल्दी या. बर्फीच्या नाकातून रक्त येऊन राह्यलंय."

गेले. अंगणात झोपाळ्यावर शेठजी, खाली फरशीवर बर्फी. शेजारच्या भिंतीवरून नरहरराव डोकावलेले. नरहरराव म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. खातं सुटलं, सल्ले सुटले नाहीत.

"बसा मीनाबाई, घाबरायचं काही न्हाई," शेठजी म्हणाले. "ऊन लागलंय. घोळणा फुटला. गुलकंद देऊन राह्यलो."

"कुत्र्याला गुलकंद?"

"थंड असतो."

"अहो शेठ, गुलकंदानं काय होतंय," नरहरराव भिंतीवरून. "कांदा फोडा, नाकाशी धरा. बिलकुल थांबतं."

"कांदा आमच्या घरात येत न्हाई, नरहरराव."

"मी देतो ना. भिंतीवरून देतो."

"भिंतीवरूनही येत न्हाई."

"मंग बर्फीला इकडं पाठवा, आमच्या हद्दीत धरतो."

एकाचा गुलकंद, दुसऱ्याचा कांदा. कांदा कुत्र्याच्या पोटात गेला तर रक्ताचं पाणी करतो, हे दोघांच्या गावीही नाही. आणि मध्ये ती बिचारी मान टाकून पडलेली. माझी चप्पल वाजली की शेपटीनं अंगण झाडणारी कुत्री. त्या दिवशी नुसता डोळा हलला.

मी तिचा ओठ उचलला. हिरड्या पांढऱ्याफटक. पोटावर सुई टोचल्यासारखे लाल ठिपके. मंग कान उलटा केला. आत एरंडीच्या बिया भराव्यात तशा टम्म फुगलेल्या गोचिड्या.

"शेठजी, हे काय?"

"ते होय," शेठजी जागचे हलले नाहीत. "आज काढायच्या राहिल्या. न्हाईतर रोज सकाळी मी स्वतः काढतो. नोकराच्या हाती देत न्हाई, तो चिरडतो."

"आणि तुम्ही काढून काय करता?"

"सोडतो."

"सोडता? कुठं?"

आता शेठजी उठले. इतक्या हौसेनं उठले की मला वाटलं, नवं दुकान दाखवायला नेऊन राह्यले. घराच्या मागं कडुलिंबाखाली एक जुनी दगडी भिंत, भिंतीला लागून दुकानातली उरलेली पोती रचलेली. "इथं सोडतो. सावली आहे, ऊन लागत न्हाई त्यांना. काढतानाही आधी खोबरेलाचा थेंब टाकतो, म्हणजे त्यांचा पाय मोडत न्हाई. आपल्या घरात जीवहत्या न्हाई, मीनाबाई."

"आणि बर्फी झोपते कुठं?"

"ही काय, इथंच. बारदाना मऊ असतो."

मी केसातला आकडा काढला आणि भिंतीच्या फटीत फिरवला. आकड्यामागून राजगिरा सांडावा तशी बारीक, चालती पिल्लं बाहेर आली. कुत्र्याची गोचीड रक्त पिऊन फुगली की अशाच फटीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. शेठजींनी तिला शोधायचाही त्रास दिला नव्हता. आयती फट, आयता बारदाना, शेजारी आयतं रक्त.

"शेठजी," मी म्हणाले, "तुम्ही ह्यांना रोज बर्फीच्या अंगावरून उचलता आणि बर्फीच्याच उशाशी आणून उतरवता. अहो, रिक्षावालासुद्धा इतकं दारात सोडत नाही."

"हे बघा, धर्माला नावं ठेवू नका."

"धर्माला कोण ठेवतंय? मी तुम्हाला ठेवून राह्यले!"

गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिला गाडीत चढवतानाही शेठजी आधी म्हणाले, "सीटवर चादर टाका." नाकातून रक्त गळणाऱ्या जिवाला घेऊन निघालेत, आणि काळजी सीटच्या कव्हराची.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. गोचीडताप. रक्त गोठवणाऱ्या पेशी पार तळाला गेलेल्या, म्हणून नाकातून रक्त. सलाईन लावलं, गोळ्या लिहिल्या. "गोळ्या महिनाभर, एकही चुकवायची नाही," डॉक्टर म्हणाले. "ताप उतरेल. पण हिच्या अंगावरच्या आणि घरातल्या गोचिड्या गेल्या नाहीत तर परत होणार. आणि ह्या अंगात परत झेलायची ताकद नाही. अंगावर औषध लावावं लागेल, भिंतीवर फवारावं लागेल."

"गोळ्या देऊ," शेठजी म्हणाले. "फवारा न्हाई. माझ्या घरात ते होणार न्हाई."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी शेठजींकडं. शेठजी भिंतीवरच्या गायीच्या चित्राकडं.

घरी आल्यावर अंगणातच माझा आवाज चढला. "मंग असं करा शेठजी, बर्फी मेली की गोचिड्यांनाच नावं ठेवा. पेढा, जिलबी, मोतीचूर. त्यांचे फोटो टाका. पाटी लावा भिंतीवर, 'गोचीडशाळा, संस्थापक जुगलकिशोर'!"

भिंतीपलीकडून नरहररावांचं हसू फुटलं. शेठजी लालबुंद. "मीनाबाई, तुम्ही मोठ्या माणसाशी बोलून राह्यल्यात."

"बराबर. गोचीड पण लहानच असते, फुगली की मोठी दिसते."

इथं बसंतीबाई बोलल्या. ह्या बाईचा आवाज मी तोवर फक्त फोनवर आणि 'चाय घ्या' एवढ्यापुरता ऐकला होता. बर्फीचं डोकं मांडीवर घेऊन त्या खाली बसल्या होत्या.

"सुनो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आपल्या घरात गव्हाला कीड लागते का?"

"मध्येच गहू कुठून आला?"

"लागते का, सांगा."

"न्हाई लागत."

"का न्हाई लागत? मी कीड मारते म्हणून? कधी मारली न्हाई. मी ऊन देते, चाळते, पाला घालते, डबा कोरडा ठेवते. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, कीड होऊ द्यायची न्हाई. झाली की मंग मारा तरी पाप, अन् सोडा तरी पाप. होऊ दिली, तेच आपलं पाप. जयणा म्हणतात त्याला, जीव जपून वागणं. तुम्ही रोज महाराजांच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसता. हे ऐकलं न्हाई का कधी?"

शेठजी झोपाळ्याची कडी चाचपायला लागले.

"तुम्ही दया न्हाई केली. तुम्ही पीक घेतलं. जेवढे जीव ह्या भिंतीत झाले, ते सगळे तुम्ही जन्माला घातले. आता ते मरतील, नायतर ही मरेल."

"पण फवारा..."

"तो माझ्या नावावर. प्रायश्चित्त मी घेईन, उपास मी करीन. तुम्ही फक्त बाजूला सरका."

अहो, मी इतकी वर्षं ओरडून ओरडून घसा बसवला, आणि माझ्या एका शिवीत जे बळ नाही ते ह्या बाईच्या गव्हाच्या डब्यात होतं. मला रागच आला थोडा.

मंग बसंतीबाईंनी हमालाला बोलावून सगळा बारदाना उकळत्या पाण्यातून काढला, वाळवला आणि दुकानात पाठवला. शेठजी म्हणाले, "दुकानात जागा न्हाई." बाई म्हणाल्या, "मंग तुमच्या पलंगावर टाका." जागा निघाली. गवंडी आला, फटी सिमेंटनं बुजवल्या. फवारणी झाली त्या दिवशी बर्फीला दवाखान्यात ठेवलं आणि भिंत पूर्ण वाळेपर्यंत आणली नाही. नरहरराव जळकं ऑइल घेऊन आले होते, "हे चोळा अंगाला, आमच्या गावाकडं म्हशींना..." मी डबा त्यांच्याच हातात परत दिला. कुत्रं अंग चाटतं, नरहरराव. म्हैस तुमचा सल्ला सहन करते, कुत्र्याचं काळीज तेवढं मोठं नसतं. गुरांचं औषध, माणसांचं औषध, शेजाऱ्याचं औषध, ह्यातलं काहीही कुत्र्याला चोळायचं नाही. वजन करायचं आणि डॉक्टर जे देतील तेच.

बर्फीला आता खाट आहे. खाटेवर सुती चादर, दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून निघते. गोचिडीचं औषध ठरल्या वेळेला. बसंतीबाई रोज संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, तिचे कान, काखा, बोटांच्या बेचक्या बघतात. तांदूळ निवडावेत तशा. रेबीजची लस टोचली, पुढची कधी ते मोबाईलमध्ये श्रेणिकला घालायला लावलं. बंगळुरूत बसून तेवढं तरी कर म्हणाल्या. पेढा बंद, गाजराचा तुकडा सुरू. हिरड्या गुलाबी झाल्या. परवा मी गेले तर शेपटीनं माझा चहा सांडला. शेठजींच्या धोतरावर. फार बरं वाटलं.

आणि शेठजी? शेठजी मोंढ्यात सांगत फिरून राह्यले की बर्फी गुलकंदानं वाचली. एका मंडळानं त्यांना 'प्राणिमित्र' म्हणून शाल दिली. शाल घेताना बर्फी सोबत होती, बसंतीबाई नव्हत्या. त्या घरी चादर उकळत होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत नरहररावही होते. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की ह्या कुत्रीचा जीव कुणाच्या हातावर तगला.

इथवरही मी गप्प बसले असते. पण त्या शालीनं शेठजींना नवी हौस लागली आहे. त्यांना आता हस्की पाहिजे. निळ्या डोळ्यांचं, बर्फातलं, अंगावर कांबळं घेऊन जन्मलेलं कुत्रं. कुठं? जालन्यात. जिथं मे महिन्यात गच्चीवर पापड घातला तर भाजूनच निघतो. बसंतीबाईंनी अट घातली, "आधी बर्फीचे कान तुम्ही रोज बघा. दिवाळीपर्यंत एक दिवस चुकला न्हाई, तर बोलू." चार दिवस बघितले. पाचव्या दिवशी चष्मा सापडला नाही. सहाव्या दिवशी कंबर धरली. त्यानंतर कान बर्फीचे तिच्याजवळ, आणि शेठजी फोनवर: राजूरला कुणाकडं पिल्लं आहेत का, संभाजीनगरला कोण विकतं, केदारखेड्याच्या कुणा पाहुण्याच्या ओळखीचा कोण आहे. घरच्या बाईला न सांगता आणायचं, म्हणजे ती नाही म्हणणार नाही. ती नाही म्हणणारही नाही. आणखी एक जीव तिच्या हातावर पडेल, आणि तिचे हात दोनच आहेत.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणाकडं पिल्लं असतील, आणि पांढऱ्या गाडीतून उतरून, शाल खांद्यावर टाकून, कुणी गोड बोलणारे गृहस्थ पिल्लू मागायला आले, तर त्यांना बसायला खुर्ची द्या, थंड पाणी द्या, वाटलं तर चहाही पाजा. पिल्लू मात्र देऊ नका. आधी त्यांच्या घरी फोन लावा, आणि त्याचं अंग रोज बघणारं माणूस स्वतःच्या तोंडानं 'हो' म्हणेपर्यंत ते तुमच्याच दारात राहू द्या.