व्हिएतनामला निघताना नानांची शुगर फॉर्मवर लिहिली

व्हिएतनामचं बुकिंग झालं आणि आमच्या घरात एका फॉर्मवरून भांडण लागलं. मी धुळ्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. माझे वडील, नाना, पारोळ्याजवळ गावी राहतात. आई गेल्यापासून ते कुठे निघालेच नव्हते, म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत मी हट्टानं त्यांचंही तिकीट काढलं. ट्रॅव्हल्सवाल्या भाऊंनी प्रवास विम्याचा फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता, जुन्या आजारांचा.

"काही नही, असं लिख," नाना आमच्या अहिराणीत म्हणाले. "शुगर लिखशी ते विजा भेटाव नही. आन गावमा बठ्ठासले समजी."

विजाचा आणि शुगरचा काही संबंध नाही, हे सांगून उपयोग नव्हता; गावात सगळ्यांना कळेल हीच खरी भीती होती. नानांना सहा वर्षं शुगर आहे आणि ते फक्त मला आणि धुळ्याच्या डॉक्टरांना माहीत. गोळ्या पाकिटातून काढून ते हिंगाष्टक चूर्णाच्या बाटलीत ठेवतात आणि लग्नात आग्रह झाला की जिलबी खाऊन दाखवतात! मी त्यांच्यासमोर मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी एकटीनं जाऊन खरं ते लिहिलं. हप्ता थोडा वाढला, दोघांचे मिळून तीन हजारांच्या आसपास गेले. भाऊंनी डॉक्टरांचं पत्र मागितलं, त्याचा फोटो मोबाइलमध्ये राहिला. वडिलांना फसवल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

धुळ्याहून पहाटे निघालं की आग्रा रोडनं दुपारपर्यंत मुंबई गाठता येते. तिथून हनोईचं थेट विमान मिळालं. हनोई मला फार आवडलं. फुटपाथवर बुटकी स्टुलं टाकून माणसं निवांत कॉफी पीत बसतात, आणि रस्ता ओलांडायचा तर थांबायचं नाही, सावकाश चालत राहायचं, दुचाक्या आपोआप वळसा घालतात. नानांना हे धुळ्याच्या गजबजलेल्या पाचकंदील चौकापेक्षा सोपं वाटलं. शाकाहारी जेवण शोधलं तर मिळतं, पण नानांना सगळ्यालाच मासळीचा वास येत होता. दोन दिवस दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरली. तिसऱ्या दिवशी ते एक केळं आणि बिनसाखरेच्या चहावर राहिले. गोळी मात्र वेळेवर घेतली, आणि रिकाम्या पोटी ती साखर फार उतरवते हे माझ्या लक्षात आलं नाही.

दुपारी तळ्याकाठी फिरताना नानांना दरदरून घाम फुटला. मी विचारलं एक, ते बोलले भलतंच, आणि फुटपाथवरच बसले. आमच्यासोबत असलेल्या गाइडनं टॅक्सी थांबवली. हॉस्पिटलात जाताजाता मी विम्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी हिंदीत पॉलिसी क्रमांक आणि हॉस्पिटलचं नाव विचारलं आणि उपचार सुरू करायला सांगितलं.

ग्लुकोज चढल्यावर पंधरा-वीस मिनिटांत नाना शुद्धीवर आले. डॉक्टरांनी गाइडकरवी विचारलं, "रोजचं काही औषध?" नानांनी सवयीनं मान हलवली. नाही.

बॅगेत निघाली ती हिंगाष्टकाची बाटली. त्यावरून तिथल्या डॉक्टरांना काय कळणार? मी मोबाइल काढून धुळ्याचं पत्र दाखवलं. ते वाचून डॉक्टर गंभीर झाले. या गोळीनं साखर पुन्हा उतरू शकते, झोपेतसुद्धा, म्हणून त्यांना उद्यापर्यंत सोडता येणार नाही, असं ते म्हणाले. नानांचा शब्द धरला असता तर आम्ही संध्याकाळीच हॉटेलवर परतलो असतो.

"तू फॉर्मवर लिखेल व्हतं?" नानांनी विचारलं.

"हो."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "बरं कयं, बेटा." मी बाहेर जाऊन पोटभर रडून घेतलं.

हॉस्पिटलचं बिल विमा कंपनीनं परस्पर भागवलं. दुसऱ्या दिवशी ठरलेली बोटीची सहल हुकली, तिचे पैसे मात्र मिळाले नाहीत, आमच्या पॉलिसीत ते बसत नव्हतं. शिवाय जुन्या आजाराचा नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. आमच्या पॉलिसीत जिवावर बेतलं तरच खर्च मिळणार होता. तेव्हा सही करण्याआधी वाचा, आणि आजार लपवू नका.

परत आल्यावर मी नानांना गावी सोडायला गेले. व्हिएतनाम ऐकायला ओसरीवर पाच-सहा जण जमले. नानांनी तळं, दुचाक्या, कॉफी सगळं सांगितलं आणि मग म्हणाले, "माले शुगर शे. तिकडे दवाखानामा व्हतू." मी चमकून पाहिलं. थोड्या वेळानं मंडळी उठली.

नानांचे जुने मित्र भिला आबा तेवढे बसून राहिले. पुढच्या आठवड्यात ते मुलाकडे दुबईला निघाले होते, विमा मुलानंच काढला होता.

"माले बी शे," ते हळूच म्हणाले. "पोऱ्याले माहीत नही. त्यानी फॉर्मवर 'नही' लिखेल शे."

मी काही सांगायच्या आत नानांनी त्यांच्या मुलाचा नंबर लावून आबांच्या हातात फोन दिला. तिकडे मुलानं उचलला. "बाळू, माले शुगर शे," एवढंच बोलून आबांना रडू फुटलं, आणि नाना उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले.