तीनच ‘राहू दे’

घरातला पसारा एक वेळ भंगारवाला नेतो, पण पसारा आवरताना जे किस्से होतात ते कोण नेणार? ते घरातच राहतात, वरून वाढतात! आमच्या गल्लीत तर इतके साचलेत की चहा ठेवला की एक निघतोच. म्हटलं, आज सांगूनच टाकावेत.

गल्ली म्हणजे अमरावतीत, कठोरा रोडच्या आतल्या बाजूला. समोरासमोर चार घरं. एक आमचं, एक शोभाचं, एक मालतीवहिनींचं आणि एक कुंदाताई गावंड्यांचं. कुंदाताई हेडमास्तरीण होत्या. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाल्या, पण हे त्यांना अजून पटलेलं नाही.

माझी पल्लवी अकोल्याला दिलेली. दिवाळीनंतर तिचा फोन आला, “मम्मी, गोड बातमी!” पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. मी फोनवरच नाचायची बाकी होते. आणि मग मला आमची मागची खोली आठवली. तिचं दार अर्धंच उघडतं. पुढे सामान लागतं!

आमचे हे आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे मास्तर होते. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, मीही म्हणते. या माणसानं पस्तीस वर्षांत एक खिळा फेकलेला नाही. काहीही टाकायला उचललं की यांचं एकच, “राहू दे, कामी पडते.” आता सातव्या महिन्यात लेक येणार आणि तिला पाठ टेकायला जागा नाही! मी कुंदाताईंपुढे चक्क रडले.

“रडते काहून वो, सुनंदे?” ताई म्हणाल्या. “आपलं सामान आपल्या हातानं सुटतच नाही. दुसऱ्याचं मात्र कसं पटापट सुटते!”

झालं! आमचं आवराआवर मंडळ तिथल्या तिथे स्थापन झालं. नियम अर्थातच ताईंचे. दर शनिवारी दुपारी एकीचं घर. घरमालकिणीनं दारात खुर्ची टाकून बसायचं, कशाला हात लावायचा नाही. बाकीच्या तिघी काढणार. वर्षभरात वापरली नाही ती वस्तू घरातून बाहेर. मालकिणीला फक्त तीन वेळा ‘राहू दे’ म्हणता येईल. चौथं नाही, डोकं आपटलं तरी नाही.

पहिला शनिवार ताईंच्या घरी, बाकीच्यांना धडा म्हणून. निघालं काय? एक कान तुटलेला कप! माळा तेवढा राहिला, कारण तिथे गल्लीच्या गणपतीचं डेकोरेशन असतं आणि ते खातं गावंडेभाऊंचं, म्हणजे ताईंच्या मिस्टरांचं. देवाचं सामान म्हणून आम्ही खालूनच नमस्कार केला आणि गिला वडा खाऊन घरी आलो.

* * *

शोभाच्या घरी मात्र आम्ही गारद झालो. स्वयंपाकघराच्या एका फळीवर नुसते डबे. स्टीलचे, प्लास्टिकचे, झाकणाचे, बिनझाकणाचे.

ताई म्हणाल्या, “काढा सगळे!”

शोभा खुर्चीतून उठली. “अवो ताई, थे माहे नाहीत नं! थो तुमचाच हाय, खालचा.”

पाहिलं तर खरंच. डब्यावर ताईंचं नाव कोरलेलं. त्याच्याखालचा माझा. त्याच्या बाजूला मालतीवहिनींचे दोन. गेल्या पाच वर्षांत गल्लीनं शोभाला जे जे दिलं, त्याचे डबे तिच्याकडेच!

“मंग परत काहून नाही केले?”

“रिकामा डबा कसा परत करू? बरं दिसते का? अन् भरून द्याले टाइम भेटत नाही.”

आता लोकांचे डबे भंगारात देता येईनात, आणि रिकामे परत करता येईनात. नियमात याची सोयच नव्हती! शेवटी ताईंनी निकाल दिला आणि शोभानं आठवडाभर शेव तळली. गल्लीत घरोघरी डबे भरून गेले. तिची फळी अशी काही मोकळी झाली की तिनं मोबाइलवर फोटो काढून आम्हाला पाठवला.

पुढच्या शनिवारी आम्ही चहाला गेलो, तर फळी पुन्हा भरलेली.

“आता हे कोणाचे?”

“तुमचेच,” शोभा कपाळाला हात लावून म्हणाली. “शोभाचा डबा आला त रिकामा कसा धाडू, म्हणून तुमी सगळ्यायनं आपापल्या डब्यात चिवडा घालून धाडला!”

* * *

मालतीवहिनींच्या घरी गच्चीवर एक जुना लोखंडी कूलर होता. मोटर जळलेली, गवताच्या ताट्या झडलेल्या. वहिनींनी एकही ‘राहू दे’ खर्च केला नाही. गल्लीत भंगारवाला आलाच होता, त्याच्या गाडीवर कूलर चढवला.

त्यांचे सासरे आबाजी, वय ऐंशीच्या पुढे, ओसरीत बसलेले. एरवी हा माणूस जेवायलाही तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही. त्या दिवशी काठी न घेता रस्त्यावर! “थांब रे! कूलर काहून नेऊन राहिला?”

“अवो आबाजी, बिघडला हाय थो,” वहिनी म्हणाल्या.

“बिघडला असन, पण हवा चांगली येते!”

मोटर नाही, पंखा नाही आणि हवा चांगली येते! आम्ही हसून हसून बेजार. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि वळून परत आली. भंगारवाला हातात पिशवी घेऊन उतरला. “काकू, तुमच्या कूलरात त पूरा पानठेला निघाला!”

पिशवीत खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पुड्या. डॉक्टरांनी आबाजींचा खर्रा बंद करून वर्ष झालं होतं. रोज पाठ केल्यासारखं सांगायचे, “सोडला मी, सोडला.”

वहिनी लालबुंद. “आबाजी, कूलरात?”

“मंग कुठं ठेवू?” आबाजी उलट त्यांच्यावरच चिडले. “तुमच्या मंडळानं घरात जागा ठेवली का?”

या प्रकारानंतर चारही घरचे पुरुष एकदम पुढे आले. गावंडेभाऊ म्हणाले, “भंगारवाल्याच्या हाती असं घरचं सामान नका देऊ. तुमी फक्त काढून ठेवा. नेऊन टाकाचं काम आमच्याकडं.” आमचे मास्तरही मान डोलवत होते. आम्हाला कोण कौतुक! पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माझा नवरा घर आवरायला मदत करत होता.

* * *

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पल्लवीच्या सासूबाईंनी मंडळाला अकोल्याला बोलावलं. त्यांच्या घरी जायचं म्हणजे मला धडकीच. टीव्हीवर धूळ नाही, टिपॉयवर पेपर नाही, चपलासुद्धा ओळीनं! ताईंनी चौफेर पाहिलं आणि मला कोपरानं ढोसलं. “पाह्य. याले म्हन्तात घर!”

तिळगूळ झाला. विहीणबाई आत चहा ठेवायला गेल्या. आणि ताईंचा हेडमास्तरीणपणा उफाळून आला. त्या बसल्या होत्या तो दिवाण बॉक्सचा होता. “जरा पाह्यते,” म्हणत त्यांनी फळी उचलली.

बाप्पा! गोधड्या, छत्र्या, बंद पडलेला मिक्सर, लग्नातल्या आहेराच्या भांड्यांची खोकी आणि वर कोंबलेले, आम्ही यायच्या पाच मिनिटं आधी टिपॉयवरून उचललेले पेपर! फळी खाली जाईना. एक छत्री आपोआप उघडली. तेवढ्यात विहीणबाई ट्रे घेऊन दारात.

माझा जीव अर्धा झाला. लेकीच्या सासरी दिवाण उचकणारं मंडळ घेऊन आलेली आई! पण विहीणबाई शांत. ट्रे ठेवला, छत्री मिटवली, फळीवर दोन्ही हातांनी दाब देऊन ती बसवली आणि म्हणाल्या, “आमी पाहुण्याले दिवाणावर बसवतो ताई. दिवाणात नाही बसवत!”

* * *

आमची पाळी शेवटी. सराव झाल्याशिवाय तिथे जायचं नाही, असं ताईंचंच मत होतं.

खोली निघायला दोन शनिवार लागले. नटबोल्टचे डबेच अठरा. त्यावर मास्तरांच्या अक्षरात चिठ्ठ्या: ‘कामाचे’, ‘बिनकामाचे’, ‘बिनकामाचे पण चांगले’. मास्तर बाजूला हाताची घडी घालून उभे. एकदाही ‘राहू दे’ नाही. मला वाटलं, नातवंडाच्या ओढीनं माणूस बदलला.

मी माझे तीन ‘राहू दे’ पहिल्या तासातच उडवले. आईचा पाटा-वरवंटा, पितळी घागर आणि बिनझाकणाचा मिक्सर. तो मिक्सर मी का ठेवला, हे मला आजही सांगता येणार नाही!

आणि दुसऱ्या शनिवारी, सगळ्यात खालून, गोणपाटात गुंडाळलेला पाळणा निघाला. पल्लवीचा. ती झाली तेव्हा मास्तरांनी तो स्वतः वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून बनवला होता. एक पाय निखळलेला, सगळा गंजलेला.

मी तोंड उघडलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. “तीन झाले, सुनंदे.”

“ताई, हा...”

“गंजका हाय. बाळाले लागलं म्हंजे? आजकाल किरायानं मस्त सजवलेला पाळणा भेटते.”

खरंच होतं ते. मी “न्या” म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. त्या मिक्सरला शिव्या घालत रडले. बाहेर मास्तर आणि गावंडेभाऊ हातगाडीवर सामान चढवत होते. मास्तर पाळण्यासाठी तरी भांडतील असं मला वाटलं होतं. ते काहीच बोलले नाहीत याचा मला फार राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

* * *

पल्लवी आली, मोकळ्या खोलीत राहिली आणि मे महिन्यात मुलगी झाली. बारशाला मांडव, दोन कूलर, अकोल्याहून गाडीभर पाहुणे. सगळं तयार, फक्त पाळणा नाही. किरायाचा पाळणा दुकानदारानं चुकून दुसऱ्याच बारशाला परतवाड्याला पाठवला होता!

ताई फोनवर दुकानदाराची शाळा घेत होत्या. विहीणबाई घड्याळ पाहत होत्या. पल्लवी बाळ मांडीवर घेऊन माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, जमीन दुभंगावी. घरचा पाळणा मी माझ्या तोंडानं बाहेर काढला होता.

मास्तर उठले. चपला घातल्या. गावंडेभाऊंना म्हणाले, “चाला.”

आधी ते शोभाच्या घरात शिरले. शोभाच्या नवऱ्यानं जिन्याखालून पाळण्याची साखळी आणि कड्या काढून दिल्या. शोभा बघतच राहिली. मग मालतीवहिनींकडे. आबाजींनी स्वतः पलंगाखालून नटबोल्टचा एक डबा ओढून दिला. ‘बिनकामाचे पण चांगले’! मग दोघं ताईंच्या घरात गेले आणि बऱ्याच वेळानं, गणपतीच्या लाल पडद्यात गुंडाळलेलं काहीतरी उचलून आणलं.

पडदा काढला. पाळणा! पिवळा रंग दिलेला, पाय नव्यानं जोडलेला. मी त्या पायावर हात फिरवला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर रडले. मास्तर खाली बसून नट आवळत होते.

“तुमी मले सांगितलं काहून नाही?” मी म्हटलं.

“तुमीच म्हणाल्या नं, घरात ठेवाचं नाही,” मास्तर मान वर न करता म्हणाले. “मी घरात नाही ठेवला.”

बाळ पाळण्यात गेलं. विहीणबाईंनी पहिला झोका दिला. सगळ्या बाया गात होत्या. कुंदाताई मात्र आपल्या घराकडे, वरच्या माळ्याच्या दिशेनं पाहत होत्या. शेवटी त्यांनी गावंडेभाऊंना बाजूला घेतलं.

“अवो, आपल्या माळ्यावर आणखी काय काय हाय?”

गावंडेभाऊ लाल पडद्याची घडी घालत होते.

“कोणाच्या घरचं इचारून राहिली?”