रिपोर्टमध्ये नसलेली आग

लग्न करून मी निपाणीहून बंगळूरला आले. मल्लेश्वरममधलं घर, सासूबाई, थोरले दीर आणि जाऊ. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली माणसं, मराठी बोलता बोलता मधेच कन्नडमध्ये शिरायची. जावेला सगळे अक्का म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला जंतुसंसर्ग झाला. औषधांनी तो गेला, पण आग मागे राहिली. मिरचीचा हात डोळ्याला लागावा तशी जळजळ, बरोबर योनीच्या तोंडाशी. बसलं की वाढायची. इंदिरानगरला एका ऑफिसात मी टायपिस्ट होते. बसमध्ये जागा रिकामी असली तरी मी दांडा धरून उभी राहायचे, आणि ऑफिसात एका मांडीवर भार टाकून टाइप करायचे.

आमच्यात त्या जागेला शब्दच नव्हता. पहिल्या डॉक्टरांना मी कशीबशी "केळगे उरी" म्हणाले, खाली आग होते. त्यांनी मलम दिलं. दुसऱ्या डॉक्टरांचं मलम लावल्यावर न्हाणीघरात नळ मोठा सोडून रडले. तपासण्यांत काहीच निघेना. तिसऱ्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट चाळले आणि म्हणाल्या, "तुला काही झालेलं नाही. सगळं मनाचं आहे. एक मूल होऊ दे, विसरून जाशील."

मूल कुठून होणार होतं? नवरा जवळ आला की मी दातावर दात रोवून पडून राहायचे. त्याच्या ते लक्षात यायचं आणि तो कूस बदलायचा. एकदा धीर करून अक्कांना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "स्वल्प सहन करायचं गं. बायकांना दुखतंच."

मी सहन केलं. त्याने आणखी बिघडलं. आता हात लागायच्याही आधी आग सुरू व्हायची. संध्याकाळी खाली नवऱ्याची स्कूटर थांबली की माझं ओटीपोट आवळून यायचं आणि जळायला लागायचं. नुसत्या आवाजाने जे दुखतं ते खरं कसं असेल? त्या डॉक्टरबाईंचं बरोबरच असणार, मीच वेडी आहे, असं मला वाटू लागलं. मग मी उपास केले, गार पाण्याने अंघोळी केल्या, स्वतःला आरशात शिव्या दिल्या. आग तशीच.

एका रविवारी गच्चीवर आम्ही दोघं चादर पिळत होतो. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. मी म्हणाले, "तुम्ही दुसरं लग्न करा."

त्याने टोक सोडलं आणि तो जिना उतरून गेला. मी एकटीच उभी राहिले. मरून जावं असं मनात आलं, आणि त्या विचाराने मला इतकं हलकं वाटलं की त्याचीच भीती वाटली. तशीच त्याच्यामागे खाली गेले आणि मनात काय आलं ते सांगून टाकलं. तो पांढराफटक पडला. त्या आठवड्यात त्याने ऑफिसात कुणाकुणाला विचारून एका वयस्कर डॉक्टरबाईंचा पत्ता मिळवला.

या बाईंनी आधी विचारलं, "हात लावू का? नको म्हणालीस तर थांबेन." मग कापूस गुंडाळलेल्या काडीने हळूहळू चाचपत गेल्या. एका ठिकाणी मी किंचाळले. त्यांनी लगेच काडी बाजूला ठेवली.

"इथे. दुखणं खरं आहे."

"पण मनाचं म्हणतात."

"मन आहेच की त्यात. दुखेल या भीतीने तू आधीच अंग आवळतेस, आवळलं की जास्त दुखतं, दुखलं की भीती वाढते. म्हणजे तू खोटं बोलतेस असं नाही."

मी टेबलावर पडल्या पडल्या रडले. इतकी वर्षं मला खरं की मनाचं, यातलं एकच काहीतरी निवडायला लावलं होतं.

त्यांनी सगळी मलमं बंद केली, अंग सैल सोडायचे व्यायाम शिकवले, आणि नवऱ्याला आत बोलावून सांगितलं की सध्या काही अपेक्षा ठेवायची नाही. बाहेर बाकावर बसल्यावर तो चपलेकडे बघत म्हणाला,

"मला वाटायचं, तुला माझी किळस येते."

"मग विचारलं का नाही?"

"हो म्हणाली असतीस तर?"

मला त्याच्यावर राग आला आणि दयाही आली. आम्ही दोघं एकाच खोलीत राहून किती एकेकटे होतो!

आग गेली नाही. हळूहळू कमी झाली, मग घरात कुणी पाळण्याचा विषय काढला की पुन्हा भडकायची. मूल झालं नाही. सासूबाई शेवटपर्यंत देवाला नवस बोलत राहिल्या आणि मी त्यांना कधीच काही सांगू शकले नाही. अजूनही एखादी सकाळ अशी उगवते की पातळाची निरी टोचते, आणि मी भिंतीला टेकून, जबडा सैल सोडून, श्वास खाली जाण्याची वाट बघते. कधी जातो. कधी नाहीच जात.