बायकांच्या फायनलचं टेबल

फायनलच्या सामन्याआधी एक खेळाडू बिलियर्डच्या टेबलावरच्या हिरव्या कापडावरून तळवा फिरवत होती. "दादा, याला इस्त्री नाही केली?" तिने मला विचारलं. आमच्या क्लबचे मॅनेजर हसले, "मॅडम, ती पुरुषांच्या फायनलला करतो. उद्या."

असा संताप आला! बायकांचे व्यावसायिक दौरे सुरू झाले, शहरोशहरी फलक लागले, भाषणं झाली. आणि खेळायचं कापड मात्र चुरगळलेलंच? त्यावर चेंडू वाकडा गेला की हेच लोक म्हणणार, बायकांना जमत नाही.

नववीत शाळा सुटलेल्या मला या परक्या शहरात मॅनेजरांनीच टेबलं सांभाळायचं काम दिलं. ते उपकार मी विसरलेलो नाही. नोकरी जाईल, हेही माहीत होतं. तरी मी इस्त्रीचा प्लग लावला. "साहेब, इस्त्री तापेपर्यंत मॅच थांबवा."